लँडसीअरची ‘भट्टी’

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात मद्य गाळण्याच्या ठिकाणास दोन शब्द आहेत. साखर कारखान्याच्या मळीवर चालते ती ‘डिस्टिलरी’. ओढ्याकाठी चोरून लावतात ती ‘हातभट्टी’. येथे ‘हात’ हे पद कारागिरीचे नव्हे, परवाना नसल्याचे द्योतक होय. इंग्रजी ‘स्टिल’ हा भेद पाळीत नाही.

सर एडविन लँडसीअर यांचे ‘हायलँड व्हिस्की स्टिल’ (१८२६-२९) हे चित्र या संदिग्धतेचा लाभ घेते. त्यातील भट्टी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली, बेकायदा. पण भय कोठेच नाही. मारलेले हरिण आणि निवांत शिकारी यांनीच चित्रफलक व्यापला आहे. १८२३ च्या अबकारी कायद्याने परवाना सुलभ झाला, चोरट्या भट्ट्या ओसरू लागल्या. गुन्हा रम्य वाटू लागला तो त्याच सुमारास. चित्र करवून घेणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे १८०३ च्या असईच्या लढाईतील वेलस्लीच. सरदाराच्या दालनास शोभेल इतकेच दारिद्र्य त्यात आहे, आणि हे चित्राचे उणेपण होय.

शीर्षकाचे भाषांतर ‘हातभट्टी’ केल्यास हा सौम्यपणा उडतो. ‘आसवनी’ म्हटल्यास गुन्हाच नाहीसा होतो. चुन्याची, विटांची, दारूची अशी नुसती ‘भट्टी’च त्यातल्या त्यात बरी.