मुदतीचा प्रवासी आणि मराठी वाङ्मय

मराठी वाङ्मयात निरोपाची वर्णने विपुल आहेत. परत येण्याची मात्र फार थोडी. बंदरावरील गर्दी, आईने हातावर ठेवलेले दही, बोट सुटल्यावर पुसट होत गेलेला किनारा, ही चित्रे वाचकांस आता पाठ झाली असतील. परंतु गेलेला मनुष्य ठरल्या दिवशी परत आला, त्याने पेटी उघडली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे काय झाले, हे सांगणारे लेखन शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ही उणीव आजवर खपून गेली. यापुढे ती खपणार नाही असे आम्हांस वाटते. आणि त्याचे कारण वाङ्मयाबाहेर घडत असलेल्या एका बदलात आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनने भारतीय तरुण पदवीधरांसाठी एक नवा व्हिसा सुरू केला. वय १८ ते ३०, हाती पदवी, खात्यात २,५३० पौंड, आणि सोडतीत नाव निघण्याइतके दैव अनुकूल, एवढी सामग्री असणाऱ्यास त्या देशात दोन वर्षे राहून काम करता येते. वर्षाला जागा ३,०००. मुदत वाढवून मिळत नाही. जोडीदारास सोबत नेता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियानेही अशीच, वर्षाला ३,००० जागांची व दोन वर्षांची योजना उघडली. याउलट अमेरिकेचा एच-१बी हा मध्यमवर्गाचा जुना आधार. तीन वर्षांचा तो परवाना सहा वर्षांपर्यंत वाढतो, व पुढे कायम वास्तव्याची आशा दाखवितो; परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा भार घालण्यात आल्यापासून ती वाटही अरुंद झाली. तात्पर्य, पूर्वी परदेशी गेलेल्या तरुणास राहावे की परतावे हा प्रश्न पडत असे. या नव्या तरुणाचे उत्तर कागदावर आधीच लिहून ठेवलेले असते.

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने वांगणी सोडले की नेरळच्या आधी शेलू हे लहानसे स्थानक लागते. उल्हास नदीच्या आसपासचा हा मुलूख भातशेतीचा; आता तेथे सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत, आणि मुंबई-ठाण्यात जागा न परवडलेली कुटुंबे त्यांत राहावयास आली आहेत. पहाटेची गाडी गाठून महाविद्यालयात जाणारी या घरांतील मुले पदवी हाती पडताच या सोडतींची माहिती काढू लागतात. त्यांच्या शिफारसपत्रांवर सही करण्याचे काम प्रस्तुत लेखकाच्या वाट्यास येते. आणि या मुलांनी जाण्यापूर्वी काय वाचावे, असा प्रश्न सहजच मनात उभा राहतो.

प्रथम आठवते ते पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९). या नावातच त्या ग्रंथाची थोरवी आहे: लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागाहून. तेथील राज्यव्यवस्था, घरसंसार, विद्या, स्त्रियांची दशा यांची बाई चौकशी करतात. स्वतःस काय वाटले यापेक्षा तो देश कसा चालतो हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटते. ही दृष्टी पुढे आमच्या प्रवासवर्णनांतून ओसरत गेली. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) हे निःसंशय रसाळ पुस्तक; त्याने दोन पिढ्यांना विलायत दाखविली. लेखक तेथे दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी, म्हणजे मुदतीनेच गेले होते. परंतु पुस्तकाचा जीव भटकंतीत आहे, कामाच्या तासांत नाही. पाहुण्याने पाहिलेला देश आणि पगारावर राबणाऱ्याने पाहिलेला देश हे एकच नव्हेत. घरमालकास आगाऊ किती द्यावे लागते, वरिष्ठाचे गोड बोलणे केव्हा नकार असतो, हे पाहुण्यास कळण्याचे कारण नाही.

परतीचा एकच प्रसंग मराठी मनावर खोल कोरला गेला आहे, तो आनंदीबाई जोशी यांचा. १८८३ मध्ये त्या निघाल्या, १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील जागा त्यांची वाट पाहत राहिली. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने ही कथा घरोघर नेली. ती हृदयद्रावक आहे यात संशय नाही. परंतु परतीची कथा म्हटली की ती शोकांतिकाच, असा एक संस्कार तिने नकळत दृढ केला. रुग्णालयात रुजू होऊन दहा वर्षे रोगी तपासणाऱ्या आनंदीबाई आम्हांस लाभल्या नाहीत. म्हणून परतलेल्या माणसाच्या उद्योगाची कथाही वाङ्मयास लाभली नाही.

या उणिवेस एक मोठा अपवाद आहे. धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४) आज फारसे कोणी उघडत नाही. गोव्याचा हा गृहस्थ पाली भाषेच्या बळावर १९१० मध्ये हार्वर्ड येथे ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी गेला. प्राध्यापक लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाला, आणि १९१२ मध्ये तो परत आला. हा वृत्तान्त सांगताना कोसंबी यांची लेखणी कोठेही आक्रोश करीत नाही की फुशारकी मारीत नाही. काम काय होते, अटी काय होत्या, कोठे खटकले, हे ते हिशेबाच्या वहीसारखे मांडतात. परतल्यावर ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. त्याच ग्रंथाची त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती निघावयास १९५० उजाडले, तेव्हा कोसंबी हयात नव्हते. दोन वर्षांच्या परदेशी कामाचे चीज कसे होते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

मुदतीच्या नोकरीचा अनुभव मराठी समाजास नवा आहे, असेही नाही. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आलेला चाकरमानी ‘चार वर्षे काढू’ म्हणूनच आला होता. बायकामुले गावी, मनीऑर्डर दरमहा, गणपती-शिमग्यास फेरी. त्याच्या मुदतीस तारीख नव्हती एवढाच फरक. १९८२ च्या संपाने ती तारीख घातली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने त्यानंतरच्या गिरणगावातील एक कुटुंब रंगभूमीवर आणले. त्याचे नावच त्या माणसांच्या स्थितीचे निदान आहे. या कामगारांना शेलू-वांगणी येथे घरे देण्याची योजना शासनाने आखली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये त्यांनी आझाद मैदानावर जमून मुंबईतच घर हवे अशी मागणी केली. जेथे आयुष्य झिजविले तेथे आपला काही हक्क उरतो काय, हा त्यांचा प्रश्न. परदेशी दोन वर्षे राबलेल्या पदवीधरास कायदा त्याचे उत्तर पहिल्याच दिवशी नकारार्थी देतो. मग त्याने बरोबर काय आणावे?

येथे वाङ्मयाचा संबंध येतो. आमच्या घरांतून परदेशी मुलाविषयी एकच प्रश्न विचारला जातो: तो तेथे स्थिरावला का? ‘नाही’ म्हणताच चेहरे पडतात. ज्या परवान्यात स्थिरावण्यास वावच नाही, त्याच्या बाबतीत हा प्रश्न मुलावर अन्याय करणारा आहे. कर्ज काढून पाठविलेल्या मुलाने कमाईचा हिशेब द्यावा, हे रास्त; परंतु मुदत संपली म्हणून तो हरून आला, असे समजणे रास्त नव्हे. आणि घरे असे समजतात, याचा काही दोष वाङ्मयाकडेही जातो. निघून जाणाऱ्याचे कौतुक व न परतलेल्याची हुरहूर ही दोनच मापे त्याने वाचकांच्या हाती दिली.

तिसरे माप कोसंबी यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेविले आहे. ते उचलून एखाद्या परतलेल्या तरुणाने वा तरुणीने लिहावे: सोडतीपूर्वीची आवराआवर, पहिल्या पगारातील कपात, भाड्याच्या खोलीतील सोबती, शिकलेले काम, शेवटच्या महिन्यात विकून टाकलेली भांडी, आणि परतल्यावर येथील मालकांनी त्या दोन वर्षांस दिलेली किंमत. भाषा अलंकृत नसली तरी चालेल. आकडे खरे असावेत. रमाबाईंची चौकशी आणि कोसंबी यांचा निर्मळपणा यांचा थोडा जरी अंश त्यात उतरला, तरी पुढच्या सोडतीत नाव घालणाऱ्या मुलांस व त्यांच्या आईबापांस ते पुस्तक उपकारक होईल. आणि त्याच्या परीक्षणास या पृष्ठांवर जागा मिळावी, अशी विनंती आम्ही संपादकांस आजच करून ठेवितो.