पीडीएफमधलं कोकण आणि सातबाऱ्यातलं घर

ऑफिसच्या ग्रुपवर एका मित्राने पीडीएफ टाकली. खाली मेसेज: 'तुझं गाव इकडेच ना? रेट बरोबर आहे का सांग.' सिंधुदुर्गातल्या एका प्लॉटिंग प्रोजेक्टचं ब्रोशर होतं, चोवीस पानांचं. हिंजवडीतल्या कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत मी ते वाचलं. त्याच आठवड्यात गावाहून दादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा फोन येऊन गेला होता. त्याला घर बांधायचंय. चार वर्षं झाली, बांधायचंच आहे.

तेव्हापासून मी तीन मजकूर शेजारीशेजारी ठेवून वाचतोय. एक हे ब्रोशर, दुसरा घरकुल योजनेच्या मार्गदर्शक सूचना आणि तिसरा आमचा सातबारा. कथा-कवितांबद्दल जिथे लिहायचं तिथे हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण गावी राहिलेल्या माझ्या वयाच्या पोरांचं पुढचं आयुष्य ज्या गद्यात ठरतं ते हे गद्य आहे, आणि त्याची समीक्षा कुणी करत नाही.

ब्रोशरपासून सुरू करू, कारण ते वाचायला सगळ्यात सोपं आहे. त्याची भाषा तुम्हाला पाठ असेल: निसर्गाच्या कुशीत, लाल मातीचा सुगंध, तुमच्या हक्काचं सेकंड होम. विमानतळ इतकी मिनिटं, बीच तितकी मिनिटं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून अंतर किलोमीटरमध्ये सांगायची पद्धतच गेली. चोवीस पानांत माणसं मोजली तर सहा, त्यांतली पाच पाठमोरी आणि समुद्राकडे बघणारी. सहावा माणूस नववं पान. तिथे नारळ सोलणारा हात आहे. फक्त हात, मनगटापर्यंत. या जिल्ह्यात कुणी राहतं याचा अख्ख्या पीडीएफमधला पुरावा तेवढाच.

पण ब्रोशरची टिंगल करणं स्वस्त आहे आणि त्यात मला रस नाही. ते मजकूर म्हणून हुशार आहे. समुद्राचे फोटो वगैरे सगळी सजावट. खरी विक्री होते ती शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत: एनए प्लॉट, क्लीअर टायटल, स्वतंत्र सातबारा. आपल्याकडे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, म्हणून एनए हवं. आणि कोकणातली जमीन एका नावावर क्वचितच असते, म्हणून स्वतंत्र सातबारा ही चैनीची वस्तू ठरते. पुण्या-मुंबईचा माणूस इथे पैसे मोजतो ते समुद्रासाठी, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो एकाच नावाचा कागद विकत घेत असतो.

आता दुसरा मजकूर. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण. १९८५ पासून चालत आलेल्या इंदिरा आवास योजनेची २०१६ मध्ये पुनर्रचना होऊन ही योजना आली. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. मी ज्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो त्याच्या हॉल-किचनएवढं.

मला या सूचना वाचताना राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. अपेक्षेपेक्षा समजूतदार मजकूर आहे. ठेकेदार लावायचा नाही, घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, नकाशा त्याने निवडायचा. त्यासाठी केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने आयआयटी दिल्ली आणि यूएनडीपी यांच्याबरोबर 'पहल' नावाचं जाड संकलन काढलंय, त्यात वेगवेगळ्या राज्यांतल्या माती-दगड-बांबूच्या घरांचे नकाशे आहेत. कामाच्या टप्प्याटप्प्याला मोबाइलवरून फोटो काढायचा, त्यावर जागेचे अक्षांश-रेखांश उमटतात आणि त्यानुसार हप्ता खात्यात. सिस्टिम म्हणून मला हे आवडलं. माझ्या कामात यापेक्षा वाईट डिझाइन रोज बघतो.

खटकतं ते आकड्यांपाशी. १ लाख २० हजार हा २०१६ चा आकडा. २०२४ मध्ये केंद्राने योजना पुढे चालू ठेवली, आणखी दोन कोटी घरं जाहीर केली, आकडा तोच ठेवला. राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० हजारांची भर घालायचं जाहीर केलं, ते बरं झालं. दादाला गवंड्याने दिलेला अंदाज साडेपाच लाखांचा आहे, चिरा जवळच्या खाणीतला धरून. आणि अपात्रतेची जुनी यादी तर एखाद्या कथेत शोभावी अशी होती: दुचाकी, फ्रिज, मासेमारीची यांत्रिक बोट, लँडलाइन फोन. यांतलं एक जरी असलं तरी तुम्ही गरीब नाही. लँडलाइन! मालवणच्या ज्या मच्छीमाराचं पोट बोटीवर आहे त्याने बोट आणि घर यांतलं एक निवडायचं. २०२४ मध्ये या चार अटी काढल्या. म्हणजे आठ वर्षं त्या लागू होत्या.

तरीही दादाचं घर अडलंय ते पैशांवर नाही. त्याचं नाव यादीत आलंय. बायको काजूच्या कारखान्यात जाते, तो रिक्षा चालवतो, थोडं कर्ज मिळेल. मी फोनवर खर्चाचं बोलायला लागलो तर म्हणाला, "अरे, पैसे नाय असा नाय. घर खंय बांधू, तां सांग."

म्हणून तिसरा मजकूर. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा फोनवर उतरवता येतो. मी उतरवला. मराठीत इतकं घट्ट गद्य मी दुसरं वाचलेलं नाही. क्रियापदं जवळजवळ नाहीत. 'वरकस', 'पोटखराब', 'इतर अधिकार', 'ए.कु.मॅ.', 'अ.पा.क.'. शेवटच्या दोन म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर आणि अज्ञान पालनकर्ता. आमच्या एका नावापुढे अजून 'अज्ञान' आहे. ते काका निवृत्त होऊन सात वर्षं झाली.

एकूण सत्तावीस नावं. त्यांतली सहा माणसं हयात नाहीत, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. उरलेली परळ, डोंबिवली, विरार, बडोदा इथे पसरलेली. सगळी गणपतीला मूळ घरात येतात, खळ्यात पत्ते कुटतात, आणि जमिनीचा विषय निघाला की कुणालातरी नेमका एसटीचा टायमिंग आठवतो. दादा याच घरात राहतो. पश्चिमेकडची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी बसली, आता पडवी आणि माजघर एवढंच वापरात आहे. चार माणसं. घरपट्टी अजून आजोबांच्या नावाने येते, भरतो दादा.

त्याला हवेत तीन गुंठे. त्यासाठी एकतर सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांपुढे महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटप व्हायला हवं, नाहीतर कोर्टात जायला हवं. माझ्या भाषेत सांगायचं तर सत्तावीस रिव्ह्यूअर असलेली पुल रिक्वेस्ट, सहा रिव्ह्यूअर वारलेले, आणि सगळ्यांनी मान्य केल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही.

आणि इथे सरकारी उपाय चुकतात ते दुष्टपणाने नाही, ते दुसऱ्याच गावाची कल्पना करतात म्हणून. जागा नसलेल्याला पाचशे चौरस फूट जागा घ्यायला अर्थसाहाय्याची योजना आहे. आधी ५० हजार, मग एक लाख. पण दादा भूमिहीन नाही, सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला बिनशेती करणं कायद्याने सोपं केलंय. छान. पण आमच्याकडे घरं वाडीवाडीने विखुरलेली, देशावरच्यासारखं एकगठ्ठा गावठाण कित्येक गावांत नाही. मग दोनशे मीटर कुठून मोजायचे? ड्रोनने गावठाण मोजून घराची मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये आली, तिचंही पहिलं वाक्य गावठाणापासूनच सुरू होतं. तुकडेबंदी कायद्यात २०२४ मध्ये विहीर, रस्ता आणि घरकुल यांच्यासाठी सूट दिली. त्याचा उपयोग होईल, पण आधी विकणारा एक माणूस हवा. सत्तावीस नव्हे. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचं तर वेगळंच पुराण आहे, त्यात शिरलो तर हा लेख संपणार नाही.

२००१ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार ६५१. माणसं कमी झाली. साध्या गणिताने घर मिळणं सोपं व्हायला हवं होतं. गावात फिरलात तर कुलूपबंद घरंच जास्त दिसतात. पण रिकामं घर आणि मिळणारं घर यांच्या मधे हा सातबारा उभा आहे.

मधे मी लॉरी बेकरच्या पुस्तिकाही वाचल्या. कुणीतरी म्हणालं, स्वस्त घर म्हणजे बेकर. मूळचा बर्मिंगहॅमचा, १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या कामासाठी भारतात आला आणि शेवटी केरळचाच झाला. त्याच्या पुस्तिका हाताने लिहिलेल्या, शेजारी त्याचीच चित्रं. रॅट-ट्रॅप बाँडमध्ये विटा उभ्या आडव्या लावून मधे पोकळी ठेवायची, विटा सुमारे पाव भागाने कमी लागतात. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथे जुनी मंगलोरी कौलं भरायची. इतकं स्वच्छ तांत्रिक लेखन मी क्वचित वाचलंय, आमच्या कंपनीतलं एकही डॉक्युमेंट त्याच्या जवळपास जात नाही. आणि आमच्याकडे लोक पावसाला घाबरून स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड घालतात, ते बघून तो काय म्हणाला असता याचा अंदाज करता येतो. मी दादाला चित्रांचे फोटो पाठवले. त्याने अंगठा पाठवला. बेकरच्या प्रत्येक चित्रात घराखाली जमिनीची एक रेघ आहे. तो ती एका फटक्यात ओढतो.

ब्रोशरकडे परत जातो, कारण मला सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट तिथे आहे. त्या प्लॉटचं टायटल क्लीअर झालं कसं? तिथेही कधीतरी वीस-पंचवीस नावं असणारच. झालं असं असणार, की एजंट डोंबिवलीला गेला, विरारला गेला, बडोद्यालाही गेला. वारस शोधले, कागद केले, प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवलं आणि वर्षभरात सह्या गोळा झाल्या. आमच्या शेजारच्या वाडीत मी हे होताना पाहिलंय. म्हणजे सातबारा हलत नाही असं नाही. तो दादासाठी हलत नाही. गावात राहणारा माणूस त्याच सह्यांसाठी फोन करतो तेव्हा त्याच्याकडे नात्याशिवाय द्यायला काही नसतं.

हे लिहून मी दोन दिवस थांबलो होतो, कारण पुढचं लिहायचं की नाही कळत नव्हतं. सव्विसावं नाव माझं आहे. बाबा गेल्यावर वारस नोंद झाली, आईचं पंचविसावं, माझं सव्विसावं. दादाने संमतीपत्राचा मसुदा मला दीड वर्षापूर्वी पाठवला. मी वाचला, 'बघतो' लिहिलं. आई म्हणाली, "सही करताना घाई नको, रस्त्याकडची बाजू आहे ती." मला पटलं. मनात कुठेतरी होतं की चाळिशीनंतर तिथे एक छोटं घर बांधू, वर्क फ्रॉम होम, समोर आंब्याची झाडं. त्या पीडीएफमधली पाठमोरी माणसं पाहून मी हसलो होतो, त्यांतला एक तर मीच होतो.

मित्राला रेटबद्दल लिहिलं, "महाग आहे." त्याने घेतला नाही. गोव्याच्या बाजूला बघतोय म्हणाला.

दादाकडे आता अकरा सह्या आहेत. गणपतीच्या आधीच्या शनिवारी मी आणि आई गावी जातोय, त्यामुळे तेरा होतील. विरारच्या आत्तेला मी फोन केला. ती आधी बाबांच्या आठवणीत शिरली, मग म्हणाली, "तू करतंस तर मगे मी करतंय. पण रस्त्याकडची बाजू नको हां त्याका."