आडवे, उभे, वाकडे

मराठी दैनिकातल्या शब्दकोड्यात 'समुद्र (३)' असा क्लू येतो. सागर, उदधी, जलधी, अर्णव असे चौघे दारात उभे राहतात आणि उभ्या शब्दातले एखादे अक्षर सापडेपर्यंत कोणालाच आत घेता येत नाही. शेवटी 'जलधी' बसतो. तोच का? तर बाकीचे बसले नाहीत म्हणून. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येते आणि विषय मिटतो. या कोड्यावरून घरात भांडण होत नाही, कट्ट्यावर वाद रंगत नाही, संपादकाला पत्र जात नाही, कारण वाद घालावा असे त्यात काही नसतेच. ज्या कलेवरून कोणी भांडत नाही, तिची प्रकृती तपासायला हवी.

इंग्रजीतल्या क्रिप्टिक क्रॉसवर्डची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. 'रूफस' या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या रॉजर स्क्वायर्स यांचा एक क्लू कायम सांगितला जातो: 'टू गर्ल्स, वन ऑन ईच नी (७)'. दोन मुली, दोन गुडघ्यांवर एकेक. वाचताक्षणी नातींना मांडीवर घेऊन बसलेले आजोबा दिसतात आणि तिथेच आपण फसतो. उत्तर आहे 'पटेला', म्हणजे गुडघ्याची वाटी. वाटी प्रत्येक गुडघ्यावर एक असते, हा झाला शब्दाचा अर्थ. 'पॅट' आणि 'एला' या दोन मुली, ही झाली शब्दाची घडण. एकाच वाक्यातून निघालेल्या दोन वाटा एकाच शब्दापाशी मिळतात. त्यामुळे उत्तर सापडले की ते बरोबर आहे हे आपले आपल्यालाच कळते, उद्याच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. आणि दोन वाटांपैकी एखादी कच्ची निघाली, तर कोडे रचणाऱ्याला जाबही विचारता येतो. क्लूवरची चर्चा सुरू होते ती इथे. माझ्या मते ही चर्चा या कलेचे अर्धे अंग आहे.

सुरुवातीला असे काही नव्हते. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन यांनी पहिले कोडे छापले, ते साध्या अर्थांचे होते. त्याला वाकडे वळण दिले इंग्लंडने, आणि त्यातही एडवर्ड पॉवीस मॅदर्स या अनुवादकाने. संस्कृतशी नाते असलेल्या वाचकाला हा माणूस अनोळखी वाटू नये. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चे इंग्रजी रूपांतर त्यानेच केले, १९१९ साली. पुढे स्पेनच्या कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीशाचे 'टॉर्केमाडा' हे नाव घेऊन १९२६ पासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी रचत राहिला. बुद्धी अफाट, पण न्यायबुद्धी बेताची. त्याचे क्लू सुटत, मात्र अनेकदा त्याच्या मनात शिरूनच. त्याच्यानंतर आलेल्या डी. एस. मॅकनट या शिक्षकाने दुसऱ्या धर्मन्यायाधीशाचे नाव घेतले, 'झिमेनीस', आणि १९६६ मध्ये या कलेवर पुस्तक लिहून कायदाच घालून दिला. नेमका अर्थ, नेमकी घडण आणि या दोहोंखेरीज एकही फालतू शब्द नाही. फसवायचे जरूर, पण खोटे बोलायचे नाही.

झिमेनीसने आणखी एक गोष्ट केली, आणि कायद्यापेक्षा मला तीच मोठी वाटते. वाचकांना एक शब्द द्यायचा, त्यावर त्यांनी क्लू रचून पाठवायचे आणि निवडक क्लू आपल्या शेऱ्यांसह छापून घरोघरी पोचवायचे. १९७२ पासून ही गादी जोनाथन क्राउदर यांनी 'अझेड' या नावाने चालवली. 'अझेड' म्हणजे 'डेझा' हा तिसरा धर्मन्यायाधीश, उलटा लिहिलेला. त्या छापील पत्रकात एखादे अव्यय जागचे हलले म्हणून बक्षीस कसे हुकले, याची चिकित्सा असे. आपल्याकडे कवितेच्या वाट्यालाही इतके बारीक वाचन क्वचित येते.

कायदा आला की बंडखोरही येतोच. 'गार्डियन'मध्ये 'अराउकेरिया' नावाने लिहिणारे पाद्री जॉन ग्रॅहम हे असे लाडके बंडखोर. ते नियम वाकवत, लांबलचक वाक्यांची अक्षरे उलटीपालटी करून दुसरे तितकेच लांब वाक्य उभे करत. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्याच्या चौकटीत कर्करोग, अन्ननलिका आणि वेदनाशामक शुश्रूषा हे शब्द वाचकांना भरावे लागले. आपल्या आजाराची वार्ता त्यांनी कोड्यातूनच दिली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. झिमेनीसपंथी आणि अराउकेरियापंथी हा वाद इंग्लंडात अजून चालतो. मला त्यात फारशी बाजू घ्यावीशी वाटत नाही. कुंपण कुठे आहे हे झिमेनीसने सर्वांना दाखवून ठेवले होते, म्हणूनच अराउकेरियाने ते ओलांडल्याची गंमत आली.

आज तिथे ही कला कशी आहे? रचनेच्या दृष्टीने जोमात. 'टाइम्स', 'गार्डियन', 'फायनान्शियल टाइम्स' यांची कोडी पन्नास वर्षांपूर्वीच्या कोड्यांपेक्षा कितीतरी सफाईदार आहेत. वरवरचे वाक्य आता सहज बोलल्यासारखे वाचता येते. जडलेला रोग म्हणजे सवयीची नाणी. खलाशी म्हटले की 'टार' किंवा 'ए. बी.', पाद्री म्हटले की 'रेव्ह', क्रिकेट आले की 'ऑन' नाही तर 'लेग'. साम्राज्य केव्हाच बुडाले, पण त्यातली आया आणि साडी कोड्यात अजून हजेरी लावतात. नवशिक्या माणसाला भाषा येत असूनही ही बोली येत नाही, आणि मग कोडे म्हणजे जुन्या क्लबात घुसण्याची धडपड होऊन बसते. (युद्धकाळात कोडी सोडवणाऱ्यांना गुप्तलिपी फोडण्याच्या कामावर कसे घेतले, ही कथा इतकी सांगून झाली आहे की ती मी सोडून देतो.)

भारतात या खेळाचे खरे घर आहे चेन्नईचे 'द हिंदू'. तिथला पहिला भारतीय कोडेकार कोणी प्राध्यापक नव्हता, तर भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल राम दास कटारी होते. पुढे 'ग्रिडमन'सारखी टोपणनावे रोजच्या ओळखीची झाली. टोपणनाव का होईना, कोड्यावर सही असणे फार महत्त्वाचे. सही असली की सोडवणाऱ्याला त्या माणसाच्या खोड्या ओळखू येऊ लागतात.

मुंबईत मात्र शब्दकोडे वेगळ्याच वेशात आले आणि बदनाम झाले. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. पैसे भरून प्रवेशिका पाठवायची. क्लू असा, की दोन शब्द सारखेच शोभावेत आणि फरक एकाच अक्षराचा असावा. 'खरे' उत्तर आधीच ठरलेले, पाकीटबंद. मुंबई सरकारने १९४८ मध्ये कायदा केला. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोडे स्पर्धांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५७ मध्ये न्यायालयाने सांगितले की हा जुगार आहे, व्यापार नव्हे. दरम्यान १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना बंदी घातली होती. मला या खटल्यात कायद्यापेक्षा कलेचा प्रश्न दिसतो. क्लूमधून उत्तर सिद्धच करता येत नसेल, तर कोडे आणि मटका यांत फरक कोणता? बक्षीस काढून घेतले म्हणून 'समुद्र (३)' हा क्लू न्याय्य होत नाही, निरुपद्रवी तेवढा होतो.

आणि हे व्हावे कोणत्या भाषेत? सभंग श्लेष ज्या भाषेत शाळेच्या व्याकरणात शिकवतात, तिच्यात. मोरोपंतांनी ओठाला ओठ लागू न देता 'निरोष्ठ रामायण' रचले, नाथांनी भारुडे लिहिली, अत्रे आणि पु. लं.च्या कोट्यांवर पिढ्या पोसल्या. त्याही मागे जायचे तर दण्डीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत, आणि पूर्वाचार्यांनी सांगितलेल्या चौदा दुष्ट, म्हणजे सदोष, प्रहेलिकांचीही नोंद ठेवली आहे. चांगले कोडे आणि वाईट कोडे वेगळे करण्याची ही इच्छा झिमेनीसच्या कितीतरी शतके आधीची. 'मरा मरा' म्हणता म्हणता 'राम' झाला, ही वाल्मीकीची कथा तर अक्षरे उलटवण्याचा घरोघरी ठाऊक असलेला क्लूच म्हणायचा.

मग मराठीत कूट क्लू जमेल का? उगाच तात्त्विक बोलण्यापेक्षा नमुने रचून पाहिले.

'मोटारीनंतर जेवणाचा आग्रह. भोंगा झाला की कामगार इथे येतात (४)'. कार, मग 'खा ना!', कारखाना. हा सरळ सभंग श्लेष. 'दोन अचल स्वर, तरी सरपटणारा (२)'. सप्तकात सा आणि प हे दोनच स्वर जागचे हलत नाहीत, साप. इंग्रजी कोडेकाराला एकेका अक्षरासाठी खलाशांचे आणि दिशांचे संक्षेप लागतात. आपल्याकडे सरगमचे सात स्वर आहेत, शिवाय ये, जा, खा, पी, दे, घे अशा एकाक्षरी आज्ञांची आणि मी, तू, ती, ना, की, व यांची रास पडलेली आहे. माल भरपूर आहे, कारागीर नाही.

आता चर्चेचा नमुना. 'आजी वनवासाला निघाली, पोटात पाणी (३)'. 'आजी वनवासाला' यांच्या पोटात 'जीवन' दडले आहे, आणि जीवन म्हणजे पाणी. वाक्य दुष्काळातले वाटते, हे चांगले. पण झिमेनीस 'निघाली'वर बोट ठेवील. हा शब्द ना अर्थाला लागतो ना घडणीला, नुसता सजावटीला आला आहे. तो काढा: 'आजी वनवासी, पोटात पाणी (३)'. सगळे शब्द कामाला लागले, वर म्हणीसारखा ठेका आला.

दुसरा: 'कोकणात बांधतात, कोर्टात लावतात (३)'. कलम. मला हा फार आवडला होता, पण वकील वाचक लगेच उठून म्हणेल की कलम लावतात पोलीस. कोर्टात ते टिकते किंवा टिकत नाही. आक्षेप रास्त आहे. 'कोकणात बांधतात, कोर्टात टिकते का बघतात' असे केले की वकिलाचे समाधान होते आणि क्लूही अधिक खोडकर होतो. म्हणजे आक्षेपाने क्लू सुधारला. 'जलधी'वर कोणी आक्षेप घेऊच शकत नाही, म्हणून तो सुधारतही नाही.

अडचणी आहेत, नाही असे नाही. इंग्रजी कोड्याचा निम्मा गाडा अक्षरांच्या उलटापालटीवर चालतो. देवनागरीत एका घरात काना-मात्रेसकट पूर्ण अक्षर बसते. ते हलवले तर मात्राही सोबत जाते, आणि नवा शब्द क्वचितच जुळतो. 'कमल' विस्कटून 'कलम' होते, पण असे योग थोडे. मात्रा सुट्या करायला परवानगी द्यावी असे कोणी म्हणेल. मी देणार नाही, त्याने वाचकाच्या डोळ्याला काहीच दिसेनासे होईल. उलट वाचण्याचे तंत्र मात्र आपल्या लिपीत सुरेख चालते. 'नदी उलटली की गरीब (२)' याचे उत्तर 'दीन'च येते, 'दिन' येऊ शकत नाही. ज्या ऱ्हस्व-दीर्घाचा मुलांना जाच वाटतो, तेच इथे पुराव्याचे काम करते. जोडाक्षर, अनुस्वार, रफार यांचे संकेत एकदा ठरवून कोड्याखाली दोन ओळींत छापले की झाले.

खरी अडचण लिपीची नाही, मानाची आहे. बहुतेक मराठी कोड्यांखाली रचणाऱ्याचे नाव नसते. शब्दकोश उघडा, पर्यायी शब्द टाका, जागा भरा, असे ते काम समजले जाते. तसे समजले की तसेच होते. पुरवण्यांच्या संपादकांनी रोजचे कोडे आहे तसे चालू ठेवावे, त्याचा वाचक मोठा आणि निष्ठावान आहे. रविवारी मात्र एक छोटी चौकट कूट क्लूंची द्यावी, रचणाऱ्याचे नाव किंवा टोपणनाव छापावे, आणि पुढच्या रविवारी नुसते उत्तर न देता ते कसे आले हेही छापावे. वाचकांनी रचलेल्या क्लूंना शेऱ्यांसह जागा द्यावी. पहिले सहा महिने क्लू बाळबोध असतील, तक्रारी येतील. येऊ द्याव्यात.

आणि वाचकांसाठी हा एक, उत्तराविना: 'शिऱ्यात पडतो तो उलटला, तर घाव (२)'.