दुसऱ्यासाठी मागणे

आषाढीला ज्याला जाता येत नाही तो जाणाऱ्याला सांगतो, "पांडुरंगाला माझाही दंडवत सांगा." वारकरी तो निरोप विसरत नाही. चंद्रभागेत स्वतःच्या बुडीबरोबर त्याच्या नावाचीही एक बुडी मारतो. विचारी मनाला इथे प्रश्न पडतो. देव सर्वांतर्यामी आहे, मग घरी राहिलेल्याचे मन त्याला कळत नाही काय? मध्ये निरोप्या कशाला? शिवाय ज्याचे प्रारब्ध त्याने भोगायचे, तर एकाच्या मागण्याने दुसऱ्याचे काय होणार?

हा पूर्वपक्ष आपल्यापुरताच नाही. ख्रिस्ती धर्मात दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेला 'मध्यस्थी' म्हणतात आणि तिची परंपरा फार जुनी आहे. जुन्या करारात अब्राहाम सदोम नगरासाठी देवाशी अक्षरशः घासाघीस करतो. नगरात 50 नीतिमान असले तर ते वाचवशील ना, असे विचारत तो 10 पर्यंत खाली येतो. नव्या करारात पौल तीमथ्याला लिहितो की सर्व माणसांसाठी विनवणी करावी. आणि लगेच पुढे सांगतो की देव व माणूस यांच्यामधला मध्यस्थ एकच, तो ख्रिस्त. म्हणून ख्रिस्ती माणूस शेजाऱ्यासाठी मागतो तेव्हा स्वतःच्या पुण्याईवर मागत नाही, ख्रिस्ताच्या नावाने मागतो. स्वर्गस्थ संतांनाही अशी विनंती करावी असे कॅथॉलिक मानतात, प्रोटेस्टंट मानत नाहीत. जिवंत माणसाने जिवंत माणसासाठी मागावे, याबद्दल मात्र दोघांत वाद नाही.

अशा मागण्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा एकाच ठिकाणी पाहायची असेल, तर संत ऑगस्टीनचा 'कन्फेशन्स' हा ग्रंथ वाचावा. इ.स. 397 ते 400 च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या या ग्रंथाची तेरा प्रकरणे आहेत. पहिल्या नऊ प्रकरणांत त्याचे जीवनचरित्र येते. सारा ग्रंथ देवाला उद्देशून बोललेला आहे, वाचक तो जणू शेजारी बसून ऐकतो. या चरित्राच्या मागे सतत एक बाई रडत असते. ती त्याची आई, मोनिका.

ऑगस्टीन इ.स. 354 मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावी जन्मला. तरुणपणी तो मानी पंथात गेला. आईने एका बिशपला गळ घातली की माझ्या मुलाशी बोला, त्याची समजूत घाला. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला होता. त्याने सांगितले की आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. ती हटेना, तेव्हा त्रासून त्याने तिला निरोप दिला आणि जाता जाता आश्वासन दिले की इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जायचा नाही. वैतागलेल्या माणसाच्या तोंडचे हे बोलणे मोनिकेने देववाणी म्हणून गाठीशी बांधले.

पुढचा प्रसंग या ग्रंथाचा गाभा आहे. इ.स. 383 मध्ये ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला. आई त्याला सोडीना. मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून त्याने तिला किनाऱ्याजवळ संत सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात रात्र काढायला लावली. मुलाला जाऊ देऊ नकोस म्हणून ती आत रात्रभर देवाला विनवत होती आणि त्याच रात्री वारा सुटून मुलाचे जहाज निघून गेले. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथे बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकली, आणि 387 च्या ईस्टरला त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. ऑगस्टीन देवाला म्हणतो त्याचा आशय असा, की तिने त्या रात्री जे मागितले ते तू दिले नाहीस, कारण तिने आयुष्यभर जे मागितले ते तुला द्यायचे होते.

सज्जनहो, दुसऱ्यासाठी मागण्याबद्दल याहून मार्मिक निरूपण क्वचित सापडेल. आपल्या मागण्यात दोन धागे असतात. एक त्या माणसाच्या कल्याणाचा, दुसरा तो आपल्याजवळ राहावा या मोहाचा. मागणाऱ्याला ते वेगळे दिसत नाहीत, देव ते वेगळे करतो. मोनिकेलाही हा विवेक हळूहळू आला. पुढे मुलाच्या लग्नाविषयी देवाला कौल विचार, असे मुलानेच तिला सांगितले. तिने विचारले. काही भास झाले, पण ते आपल्याच मनाचे खेळ आहेत हे ओळखून तिने ते देवाचे म्हणून त्याला सांगितले नाहीत. स्वतःची इच्छा देवाच्या तोंडी न घालणे, हे मध्यस्थाचे पहिले पथ्य. ते तिने पाळले.

तरीही ग्रंथाचे मोठेपण मान्य करून दोन शंका मांडल्या पाहिजेत.

पहिली शंका सांगणाऱ्याबद्दल. ही कथा परत आलेला मुलगा सांगतो आहे. परतल्यावर मागे वळून पाहिले की वाटेतला प्रत्येक नकार कृपाच वाटतो. पण ज्या आईचा मुलगा परतला नाही तिचे पुस्तक कोण लिहिणार? तिचे अश्रू कमी पडले असे म्हणायचे काय? बिशपचे वाक्य नियम म्हणून घेतले तर प्रार्थनेचा नवस होतो: इतके अश्रू, इतके फळ. नवसाच्या या हिशोबावर आपल्या संतांनी कठोर कोरडे ओढले आहेत. ते वाक्य एका दुःखी बाईला दिलेला धीर आहे, सिद्धांत नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

दुसरी शंका अधिक बोचते. ऑगस्टीनबरोबर सुमारे पंधरा वर्षे एक स्त्री राहिली. तिच्यापासून त्याला मुलगा झाला, त्याचे नाव अदेओदातुस, आपल्या भाषेत देवदत्त. मिलानमध्ये त्याचे प्रतिष्ठित घराण्यात लग्न ठरले आणि त्यासाठी पुढाकार होता मोनिकेचा. तेव्हा या स्त्रीला दूर करण्यात आले. यापुढे दुसऱ्या पुरुषाला जाणणार नाही असे देवाला वचन देऊन, मुलाला बापाजवळ ठेवून, ती एकटी आफ्रिकेला परतली. आपले काळीज फाटून रक्तबंबाळ झाले असे ऑगस्टीन प्रांजळपणे लिहितो. पण तिचे नाव लिहीत नाही.

आता नववे प्रकरण पाहा. 387 मध्येच ओस्तिया बंदरात वयाच्या 56 व्या वर्षी मोनिका वारली. नवऱ्याशेजारी पुरले जावे म्हणून तिने मायदेशी जागा करून ठेवली होती. शेवटी तोही आग्रह सुटला. देह कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, एवढेच तिने मागितले. आयुष्यभर दुसऱ्यासाठी मागणारी शेवटी म्हणते, आता तुम्ही माझ्यासाठी मागा. ऑगस्टीनने ही विनंती साऱ्या वाचकांकडे सोपवली आणि मोनिका व पॅट्रिशियस या आईबापांची नावे लिहून ठेवली. सोळाशे वर्षे ज्या कोणी हे पान वाचले, त्याच्यापर्यंत हा निरोप पोहोचला. पण परत पाठवलेल्या त्या स्त्रीसाठी या पानावर मागणे नाही. मनात त्याने तिच्यासाठी किती प्रार्थना केली असेल ते देव जाणे. ग्रंथाचे परीक्षण ग्रंथातल्या शब्दांवरूनच करावे लागते, आणि तिथे ही जागा रिकामी आहे.

इ.स. 1290 मध्ये ज्ञानोबामाउलींनीही ग्रंथ संपताना मागणेच मागितले. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना समाजाने वाळीत टाकले, त्यांच्या पसायदानात आईबापाचे नाव नाही, भावंडांचेही नाही. तिथे दुष्टांचा दुष्टपणा जावा हे मागणे अगदी आरंभी येते. ऑगस्टीनला कमी लेखण्यासाठी ही तुलना नाही, कारण ख्रिस्ती शिकवणीचे मापही हेच आहे. छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असे येशूने सांगितले. दगडांचा मारा सोसत स्तेफनाने मारणाऱ्यांसाठीच क्षमा मागितली. ऑगस्टीनचे ते पान त्याच्या स्वतःच्या धर्माच्या मापाला अपुरे पडते, एवढेच म्हणणे आहे.

साधकाने यातून काय घ्यावे? आईने मुलासाठी मागणे हा आरंभ आहे. त्यात कमीपणा नाही, प्रेम तिथूनच फुटते. पण आपल्या मागण्यात कोण नाही, हे रोज तपासावे. ज्याने आपल्याला दुखावले त्याचे नाव घेणे अवघड, ज्याला आपण दुखावले त्याचे नाव घेणे त्याहून अवघड, कारण ते नाव घेताच आपला दोष समोर उभा राहतो. आणि नाव घेऊनही भागत नाही. वेदीपाशी अर्पण आणले असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशूचे सांगणे आहे. जिथे आपले पाय जाऊ शकतात तिथे नुसती प्रार्थना पाठवू नये.

देवाला आपली शिफारस लागत नाही, हा पूर्वपक्ष खराच आहे. दुसऱ्यासाठी मागण्याची गरज मागणाऱ्याला आहे. 'मी' आणि 'माझे' यांचे कुंपण त्याने मोडते, आणि जितके मोडते तितके ते मागणे देवाच्या कानी आधीच पोहोचलेले असते.

रामकृष्णहरी.