किशोरीताईंची उत्तरकाळातली मैफल: ऐकलेली आणि लिहिलेली

किशोरी आमोणकर मार्च 2017 च्या अखेरीस दिल्लीत गायल्या आणि 3 एप्रिलला मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या उत्तरकाळातल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांविषयी मराठीत जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं अजूनही श्रद्धांजलीच्याच सुरातलं. लहरीपणाचे दोन किस्से, मग ‘तादात्म्य’, मग ‘समाधी’, की लेख संपला. प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये काय ऐकू येतं, ते राहूनच जातं.

दिल्लीच्या सरोजिनीनगरसारख्या सरकारी वसाहतीतल्या मराठी रसिकाला हे अधिक खटकावं. नेहरू पार्क त्याच्या हाकेच्या अंतरावर, कमानी सभागृहही आवाक्यात. पण दादर-पुण्याची मैफल त्याच्यापर्यंत पोचते ती ध्वनिमुद्रणातूनच.

तुलनेला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची भूप-बागेश्रीची एल.पी. घ्यावी. एका बाजूला विसेक मिनिटं, त्यामुळे आलाप, बोल, ताना सारं लयीच्या चौकटीत घट्ट बसवलेलं. मैफलीत घड्याळाचा तो धाक नाही. उत्तरकाळात ताई एकेका स्वरापाशी रेंगाळतात, विलंबित आणखी संथ होतं, ताना विरळ होतात. संगीतसमीक्षक वामनराव देशपांड्यांनी 1961 च्या ‘घरंदाज गायकी’त घराणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये मांडली: किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर मधोमध. त्या मापाने जयपूर घराण्याच्या मोगूबाईंची ही लेक किराण्याच्या अंगाला बरीच सरकली. माझ्या मते आलापात याने कमाई झाली, बंदिशीत नुकसान. समेकडे झेपावण्याची जयपूरची ती ओढ सैल पडते. कुणाला हे पटणार नाही; पण वाद घालायला तरी कुणीतरी हे लिहायला हवं ना!

त्याहून नाजूक प्रश्न गळ्याचा. वयाच्या पंचाहत्तरीनंतर दमसास उणावणारच, त्यात कमीपणा कसला? मागे शिष्य साथीला असतात. तार षड्ज कुणी धरून ठेवला, ताईंनी की शिष्येने, हे सभागृहात डोळ्यांना दिसतं. ध्वनिमुद्रणात गळे एकमेकांत मिसळतात. साथीला मिलिंद रायकरांचं व्हायोलिन असलं, तर ते गळ्याला इतकं बिलगून चालतं की जोड कुठे ते कळत नाही. समीक्षक मात्र ऐकू आलेला प्रत्येक स्वर बिनदिक्कत ताईंच्या नावावर जमा करतात.

शिवाय संपादनाची कात्री. तंबोरे जुळवणं, स्वरमंडळ लावणं, ध्वनिव्यवस्थेबद्दलची नाराजी, कुजबुजणाऱ्या श्रोत्यांना दिलेली समज हे ‘व्यत्यय’ म्हणून काढून टाकलं, की राग एकदम भरात आलेलाच कानावर पडतो. वातावरण जमेपर्यंत त्या किती चाचपडत, किती वेळा तोच स्वर नव्याने लावून पाहत, ते मग कळायचं कसं? मला तरी ती पहिली दहा मिनिटं हवी आहेत. आणि वेष्टनावर मैफलीची तारीख, सभागृह आणि मागे गाणाऱ्यांची नावं.