ई-पीक पाहणी : रकाने नेटके, दुरुस्ती अपुरी

सातबाऱ्यातला 'सात' म्हणजे गाव नमुना ७, जमिनीवरील हक्कांची नोंद. 'बारा' म्हणजे गाव नमुना १२, पिकांची नोंद. ही दुसरी नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ती शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावी, अशी ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहायचे, पीक निवडायचे, क्षेत्र भरायचे, छायाचित्र काढायचे. हा फॉर्म म्हणजे निरीक्षणाचे एक साधनच आहे. तापमापीची करतो तशी त्याचीही पारख विज्ञानशिक्षकाने करावी, असे आम्हाला वाटते.

प्रथम गुण पाहू. वऱ्हाडात एकाच झाडाला कोणी कापूस म्हणतो, कोणी कपाशी, कोणी पऱ्हाटी. प्रत्येकाने मनाला येईल ते नाव लिहिले, तर संगणक तीन वेगळी पिके मोजेल. येथे मात्र नाव यादीतून निवडायचे असते. त्यामुळे अकोल्याची बेरीज अमरावतीच्या बेरजेशी जुळवता येते. माहिती ठरलेल्या रकान्यांत बांधण्याचा हा खरा फायदा आहे. छायाचित्रासोबत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात, हेही उत्तम.

आता मर्यादा. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तूर घेण्याची रीत आहे. अशा शेतासाठी फॉर्ममध्ये 'मिश्र पीक' हा वर्ग आहे. समजा, एक हेक्टरात सोयाबीनच्या सहा तासांमागे तुरीचे एक तास आहे. तासे मोजून वाटणी केली तर सोयाबीन सुमारे ८६ आर आणि तूर १४ आर भरते. परंतु सोयाबीन निघाल्यावर तूर पसरते आणि पुढे कित्येक आठवडे तेच शेत तिचे असते. मग तुरीचे क्षेत्र किती? मोजण्याची रीत ठरवल्याशिवाय या प्रश्नाला एकच उत्तर नाही. रकान्यात आकडा काटेकोर दिसतो. तो अचूक असेलच असे नाही.

आमचा मुख्य आक्षेप दुरुस्तीविषयी आहे. २०२२ मध्ये सुधारलेल्या आवृत्तीत शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची सोय दिली गेली. शिवाय १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासाव्यात, असे ठरले. बोट घसरून झालेली चूक ४८ तासांत लक्षात येईलही. पण चुकीचा गट क्रमांक निवडला गेला, तर ते कळते नोंद कामाला येते तेव्हा. खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीनसाठी राज्याने २०२४ मध्ये हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य जाहीर केले आणि त्याला ई-पीक पाहणीची अट घातली. पेरणी एका वर्षी, विचारणा दुसऱ्या वर्षी! तोवर शेतात पुराव्याला धसकटही उरत नाही. ही अट पुढे शिथिल करावी लागली, यातच बरेच आले.

याचा उपाय बाहेर शोधण्याची गरज नाही. तो सातबाऱ्यातच आहे. जमिनीच्या मालकाचे नाव कोणी परस्पर पुसत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवतात, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतात आणि मगच नाव बदलते. २०२० च्या नव्या नमुन्यात कमी झालेल्या नावावर आडवी रेघ येते. जुने नाव वाचता येते. काय बदलले, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे सारे मागे राहते. पिकाच्या नोंदीला एवढा खटाटोप नको. पण उशिरा का होईना, कारण व तारीख देऊन दुरुस्ती मागता यावी, आणि जुनी नोंदही दिसत राहावी.

प्रयोगवहीत आपण विद्यार्थ्यांना हेच सांगतो : चुकलेले वाचन खोडरबराने पुसू नका, रेघ मारून शेजारी नवे लिहा. शाळेजवळच्या पाच शेतांची पाहणी ऑगस्टमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. तक्त्यात पीक आणि क्षेत्र यांच्या पुढे 'बदल', 'तारीख' व 'कारण' असे तीन रकाने वाढवावेत. नोव्हेंबरमध्ये त्या तीन रकान्यांत काय भरले गेले, ते वर्गात वाचून दाखवावे. चांगल्या फॉर्ममध्ये काय असावे, हे मुले स्वतःच सांगतील.