शिळेवरचे मराठी

शके ९३४ चा मानला जाणारा अक्षीचा शिलालेख आपण मराठीच्या इतिहासात मानाने वाचतो. दफनभूमीतील लेखाची मात्र समीक्षा कोणी करीत नाही. वस्तुतः अनेक कुटुंबांत घरच्या माणसाविषयी कायमचा लिहिला जाणारा तेवढाच मजकूर असतो, आणि त्याचा संपादक असतो पाथरवट. शोकाकुल माणसांपाशी शब्द नसतात. मग नमुन्यातले ‘चिरविश्रांती’ निवडले जाते. नाव, दोन तारखा, की काम संपले.

संक्षेपाबद्दल आमची तक्रार नाही. गावोगावच्या वीरगळांवर बहुधा अक्षर नसते; तरी खालच्या चौकटीतले युद्ध आणि वरचे शिवपूजन पाहून तो वीर कसा पडला हे कळते. आमच्या शिळांवर अक्षरे असून माणूस दिसत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच खटकते. परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईंचे गाव. दळणकांडण त्यांनी अभंगात आणले. त्याच जिल्ह्यात एखाद्या सुईणीच्या शिळेवर केवळ ‘अमक्याची पत्नी’ असावे? ‘सुईण’ ही तीन अक्षरे कोरायला कितीसा वेळ लागतो!

घाईचे तर कारणच नाही. येथील काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ताज्या मातीवर बसवलेली शिळा कलते. जाणता कारागीर एक पावसाळा जाऊ देतो, पाया मुरुमापर्यंत नेतो. तेवढ्या अवधीत कुटुंबाने मजकूर स्वतः लिहावा, जोडाक्षरे तपासावीत. ग्रॅनाइटवरचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ पुसता येत नाही. कारागिरानेही छिन्नी लावण्यापूर्वी तो घरच्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.